माफीचे पैसे कोण भरतं?

कर्ज माफ होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला नोकरीमुळे कळलं. पुण्यात मी ज्या टीममध्ये आहे, ती बँकांसाठी कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. बाहेरच्या माणसाला वाटतं की माफी म्हणजे आकडा पुसायचा. पन्नास हजार होते, शून्य केले, झालं. पण असं करताच येत नाही. कर्जदाराच्या खात्यातून पन्नास हजार कमी करायचे तर तेवढेच पन्नास हजार दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर टाकावे लागतात. बँकेच्या तोट्यावर म्हणा, किंवा सरकारकडून येणं आहे अशा खात्यावर म्हणा. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय नोंद सेव्हच होत नाही. पेपरात 'राइट-ऑफ' हा शब्द सर्रास माफीसारखा वापरतात, तेही चूक. राइट-ऑफ केलेलं कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून काढते, कर्जदार मात्र ते देणं लागतोच. खरोखर सोडून दिलं तर तो 'वेव्हर'. दोघांच्या स्क्रीन वेगळ्या आणि परवानग्याही वेगळ्या.

आमच्या चाळीसगावकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. 2008 ची केंद्राची कर्जमाफी झाली, 2017 ची राज्याची झाली, 2019 ची झाली. शेवटच्या योजनेच्या नावात तर 'माफी' हा शब्दही नव्हता, 'मुक्ती' होता: महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. यादीत नाव लागलं की लोक पेढे वाटायचे आणि त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून उरलेल्या देण्यांची बेरीज करायचे. बँकेचं सुटलं, पण कृषी केंद्राची उधारी, सावकाराचं देणं आणि मेव्हण्याकडून लग्नात घेतलेले हातउसने तसेच राहिले. सरकार आपल्या हातातलं तेवढं सोडू शकतं. मेव्हण्याच्या वतीने ते काही सोडू शकत नाही.

आमचं घर ख्रिस्ती आहे. पणजोबा राहुरीकडचे, त्यांच्या काळात घराणं ख्रिस्ती झालं. आजोबा रेल्वेत लागले आणि धुळ्याची गाडी जिथून फुटते त्या जंक्शनवर येऊन स्थिरावले. आणि या आमच्या घरात एक मोठी कर्जमाफी झालेली आहे.

माझे वडील जिनिंगमध्ये कामाला होते. ते प्यायचे. याचा फार तपशील देत नाही; ज्यांच्या घरात हे झालेलं आहे त्यांना तो लागत नाही, आणि ज्यांच्या घरात झालेलं नाही त्यांना तो देऊन उपयोग नसतो. आईची सोन्याची पोत गेली. काही रात्री मी आणि बहीण शेजाऱ्यांकडे झोपलो. मी सातवीत असताना त्यांनी दारू सोडली. एका प्रार्थनासभेला गेले, तिथे काहीतरी झालं आणि त्यानंतर त्यांनी थेंब घेतला नाही. आज पंधराहून जास्त वर्षं झाली. दारू सोडवणाऱ्या औषधांच्या जाहिराती आमच्याकडे भिंतीभिंतींवर असतात. त्यातलं काहीही न घेता हा माणूस सुटला, ही गोष्ट मी कधी हलकी मानलेली नाही.

आमच्या मंडळीत साक्ष देतात. ही साक्ष कोर्टातली नाही. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. बाबा दरवर्षी देतात. सांगायची पद्धत साधी आहे, त्यांना रडू येत नाही, आवाज चढत नाही. मी कसा होतो, प्रभूने माझं ओझं कसं उतरवलं, आता मी मोकळा आहे. लोक हळूच 'आमेन' म्हणतात. मी कॉलेजला असताना एका रविवारी ही साक्ष ऐकता ऐकता माझं लक्ष बायकांच्या बाजूला बसलेल्या आईकडे गेलं. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. उपासना-संगीताचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ती पुढच्या गीताचं पान शोधत होती. त्या वेळी जो प्रश्न डोक्यात आला तो अजून गेलेला नाही. बाबांचं ओझं उतरलं, हे खरं. ते कुणाच्या खात्यावर गेलं?

प्रश्न उद्धट आहे याची मला कल्पना आहे. श्रद्धावान माणूस याला तयार उत्तर देतो: ते ख्रिस्ताने घेतलं, वधस्तंभाचा अर्थच तो. हे उत्तर मी टाळत नाही, उलट मला ते हिशेबाच्या बाजूने फार प्रामाणिक वाटतं. प्रभूच्या प्रार्थनेचं जे मराठी रूप मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, त्यात 'पाप' नाही, 'ऋण' हा शब्द आहे. आपल्याकडे ऋण ही फेडायची गोष्ट. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण जन्मतःच डोक्यावर असतात आणि माणूस ते आयुष्यभर फेडत राहतो. त्या परंपरेत वाढलेल्या मराठीत कुणीतरी येऊन सांगतं की ऋण सोडताही येतं, आणि जो सोडतो तो स्वतः झळ सोसून सोडतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात राजा चाकराचं अवाढव्य कर्ज सोडतो, तेव्हा तेवढी रक्कम राजाच्या तिजोरीतून जातेच. नोंदीच्या दोन्ही बाजू जुळतात.

माझी अडचण पुढची आहे. बाबांवर देवाचं जे ऋण असेल ते देवाने सोडलं. आईचं ऋण देवाने कुठल्या अधिकाराने सोडावं? पोत तिची होती.

हा प्रश्न काही मला नव्याने सुचलेला नाही. ज्यू परंपरेत तो फार पूर्वी सोडवलाय. मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्याला 'दरफाळणीचा सण' म्हणतात, त्या प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल मिशनात स्पष्ट नियम आहे. माणसाने देवाचा अपराध केला असेल तर तो दिवस त्याची भरपाई करतो; माणसाने माणसाचा अपराध केला असेल तर त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय हा दिवस काही करू शकत नाही. येशू याच परंपरेतला. वेदीवर अर्पण ठेवायला गेलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं त्यानेही सांगितलंय. येशू स्वतःहून जक्कय जकातदाराच्या घरी उतरतो आणि जक्कय लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणतो. तारण आज या घराला मिळालं, हे येशू त्याच्या या बोलण्यानंतर म्हणतो. आमच्याकडच्या साक्षींमध्ये जक्कय झाडावर चढला हे असतं, येशूने त्याला हाक मारली हे असतं. चौपटीचं कलम बहुतेक वेळा वेळेअभावी राहून जातं.

आता हे सगळं मराठी घरात प्रत्यक्ष कसं घडतं हे बघायचं तर माझ्या मते एकच माणूस गाठायला हवा, लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' मी उशिरा, नोकरी लागल्यावर वाचलं. शाळेच्या पुस्तकातल्या उताऱ्यांमुळे ते विनोदी आठवणींचं पुस्तक आहे असा समज होता. विनोदी आहेच. पण ते वारशाने आलेल्या ओझ्यांचंही पुस्तक आहे.

पहिलं ओझं तिच्या जन्माआधीचं. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. त्यांच्या आईचे वडील 1857 च्या बंडात फाशी गेले. त्या प्रकरणाचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी, नानांनी, असा धसका घेतला की त्यातून त्यांचं सोवळं वेडाच्या थराला गेलं. घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतली जायची, आणि सगळं घर त्या एका भीतीभोवती फिरायचं. कंपनी सरकारने एका माणसाला फाशी दिलं आणि त्याची किंमत अकरा वर्षांनी जन्मलेली एक मुलगी विटाळाच्या नियमांमधून भरत राहिली. बळी कोण, अपराधी कोण, याची इथे सरळ मांडणी करताच येत नाही. नाना क्रूर होते की घाबरलेले? लक्ष्मीबाई निकाल देत नाहीत. त्या फक्त सांगतात, आणि हसवत सांगतात.

दुसरं ओझं नारायण वामन टिळक. मोठे कवी, तापट नवरा. न सांगता निघून जायचे, पैसा हातात ठरायचा नाही. 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका परक्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं आणि 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको माहेरच्या माणसांत, पदरात लहान दत्तू. या घटनेची टिळकांच्या बाजूने गोष्ट सांगायची तर ती मुक्तीची गोष्ट आहे. एका तळमळणाऱ्या माणसाला अखेर ठिकाणा सापडला. लक्ष्मीबाईंच्या बाजूने त्याच तारखेला त्या नवरा जिवंत असून एकट्या पडल्या. नोंदीची दुसरी बाजू ती ही. त्यानंतर जवळपास पाच वर्षं दोघं वेगळे राहिले.

मग लक्ष्मीबाई परत गेल्या. इथे आमचे उपदेशक घाई करतात: पतिव्रता परत गेली, ख्रिस्ती झाली, 1900 साली राहुरीला बाप्तिस्मा झाला. मधलं सोडतात. मधलं असं की त्या नवऱ्याकडे गेल्या तरी आपलं सोवळं, आपलं अन्नपाणी वेगळं सांभाळून राहिल्या, आणि टिळकांनी ते राहू दिलं. एकदा विचारांचा असा उमाळा आला की जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि स्वतःच निकाल लावला: आजपासून कुणाच्याही हातचं घ्यायचं. नानांच्या धुण्यापुसण्याचं ओझं तिथे उतरलं. ते कुणा मिशनऱ्याने उतरवलं नाही, नवऱ्याने समजावूनही उतरलं नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

मला यातलं टिळकांचं थांबणं महत्त्वाचं वाटतं. हा माणूस एरवी कशासाठीच थांबायचा नाही. ज्याला आपण सुटलो असं मनापासून वाटतं, त्याला इतरांनीही लगेच आपल्यासारखं सुटावं, आपल्याला सोडावं, अशी घाई असते. व्यसन सुटलेल्या माणसांत ही घाई मी पुष्कळ बघितली आहे. देवाने माफ केलं, मग तू का धरून बसलीस? या एका वाक्याने माफी ही दुसरी मारहाण होते. टिळकांच्या स्वभावातले दोष बाप्तिस्म्याने धुतले गेले नाहीत, याला 'स्मृतिचित्रे'ची पानंच्या पानं साक्ष आहेत. पण निदान या एका बाबतीत त्यांनी बायकोला तिच्या वेळेने येऊ दिलं.

आणि लक्ष्मीबाईंनी काय केलं? मी हे पुस्तक दोनदा वाचलं, आणि नवऱ्याला माफ केल्याचा मोठा प्रसंग मला त्यात भेटला नाही. त्यांनी सगळं लिहून ठेवलं. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं म्हणून त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं, त्यातून हे पुस्तक झालं. म्हणजे मुलाने आईला बापाबद्दल विचारलं. आईने बापाचा मोठेपणा लपवला नाही, बापाचा तापटपणाही लपवला नाही, आणि दोन्हीला सारखंच हसली. माझ्या भाषेत सांगायचं तर वही पूर्ण ठेवली, वसुली केली नाही. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलेलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, त्यांच्यानंतर शेवटचा हात देवदत्तांनी फिरवला. ज्याने आयुष्यभर घरची कामं अर्धी टाकली, त्याचं स्वतःचं काम घरच्यांनी पुरं केलं. याला क्षमा म्हणायचं की प्रेम की निव्वळ हट्ट, मला ठरवता येत नाही.

त्या घराने सगळ्यांची ओझी उतरवली असंही नाही. आमच्या खानदेशातल्या धरणगावचा एक मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांच्या नजरेत भरला. पुढे हे बालकवी अहमदनगरला टिळकांच्या घरात मुलासारखे राहिले. त्यांना ख्रिस्ती करायचा घाट कुणी घातला नाही. ते हिंदूच राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर जीव लावला. तरी 5 मे 1918 ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, वय सत्तावीस. चाळीसगावहून भुसावळला जाताना जळगाव सोडलं की भादली येतं. बऱ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. प्रेमळ घर मिळालं की भूतकाळ सुटतो, असं कुणी म्हणालं की मला ते छोटं स्टेशन आठवतं.

आणि सुटायलाच हवं का, हेही आहे. चाळीसगावात स्टेशनजवळच केकी मूस यांचा बंगला आहे. हा पारशी छायाचित्रकार 1989 मध्ये वारला, त्याआधी अनेक दशकं तो त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. गावात गोष्ट सांगतात की एका मुलीने पंजाब मेलने येईन असं वचन दिलं होतं आणि ते रोज त्या गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवून वाट बघायचे. गोष्ट किती खरी ते बाजूला ठेवू. पण त्या बंद घरात या माणसाने काढलेले फोटो मी पाहिलेत, आणि हे काम ओझ्याखाली चेंगरलेल्या माणसाचं वाटत नाही. तरीही मूस यांच्या घरात दुसरं कुणी राहत नव्हतं, हा फरक आहे. एकट्याने ओझं जपलं तर त्याची कला होऊ शकते. चार माणसांच्या घरात ते कुणाच्या तरी पाठीवर जातं.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मला एक जागा आवडते. सहाव्या अध्यायात तो म्हणतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच ओळी खाली म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. मी आधी समजलो, हा बग आहे. मग कळलं की मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला चेंगरून टाकणाऱ्या वजनाचा, दुसरा ज्याच्या त्याच्या वाट्याच्या गाठोड्याचा. आणि येशू जेव्हा माझं ओझं हलकं आहे असं म्हणतो, तेव्हा हा दुसराच शब्द येतो. शिवाय तो 'जू' घ्या म्हणतो. जू म्हणजे काय हे खानदेशात सांगायला नको. जुवाला दुसरा बैल लागतो. ओझं गेलं असं तो म्हणतच नाही.

एवढं झाल्यावर आईला विचारणं भाग होतं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा विचारलं, तू बाबांना माफ केलंस का? ती कळण्याचं पीठ मळत होती. म्हणाली, "हे असलं तुम्ही शिकलेले विचारता." मी हटलो नाही. मग म्हणाली, "रोज पाच वाजता उठून चहा करून देतात. पंधरा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. पाहुणे असले तरी, ताप असला तरी."

"मग फिटलं?"

"मुद्दल कुठे फिटतंय! ते व्याज आहे." आणि जरा वेळाने, "व्याज वेळेवर येतंय तोवर मुद्दल मागायला कोण जातं?"

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं खातं 'स्टँडर्ड' धरतात. हप्ते नियमित, थकबाकी नाही. ते माफ केलेलं नसतं, बुडीतही नसतं. माफ केलं आणि माफ केलं नाही, या दोनच रकान्यांत मी इतकी वर्षं आईला बसवत होतो आणि ती तिसऱ्याच ठिकाणी राहत होती. देवाने बाबांना काय दिलं असेल तर ते हे, असं मला आता वाटतं: रोज पाच वाजता उठायची ताकद. माफ झालेल्या माणसालाच आपल्या देण्याकडे न घाबरता बघता येतं. माफ न झालेला एक तर पळतो किंवा पितो. म्हणजे आईचं ऋण देवाने सोडलेलं नाही. देवाने बाबांना ते फेडण्यालायक केलं. पाळकांना हे मी सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, हे जरा कृपेपेक्षा कष्टांकडे झुकतंय. झुकत असेल.

लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. धाकटा परत आला, आत मेजवानी चालू आहे, आणि थोरला रागावून अंगणात उभा आहे. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलं नाही. ही गोष्ट शेकडो वेळा ऐकून झाली, आणि दर वेळी लोक धाकट्याबद्दल बोलतात. आमच्या घरात बापच धाकट्यासारखा परत आला आणि अंगणात मी.

या नाताळला माझी बायको पहिल्यांदाच चाळीसगावला सणाला होती. जेवणं झाल्यावर तिने सहज आईला विचारलं, लग्न झाल्यावरची तुमची सुरुवातीची वर्षं कशी होती? बहिणीने माझ्याकडे बघितलं. आईने बाबांकडे बघितलं. बाबा टीव्हीसमोर होते, त्यांनी आवाज बंद केला, खुर्ची वळवून इकडे केली आणि म्हणाले, "सांग की. मी असताना सांग."

आईने थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, "ज्या वर्षी पोत गेली ना, त्या वर्षी कापसाला भाव बरा होता." बाबांनी मान हलवली आणि त्या वर्षीचा भाव सांगितला.